जी६पीडीचा शेजारी

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून पुढे बरीच वर्षं अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, जोलिएट गावाजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात, हिवतापाचा एक वॉर्ड चालत असे. तिथल्या कैद्यांना मुद्दाम डास चाववून हिवताप दिला जाई आणि मग त्यांच्यावर नवी औषधं आजमावली जात. काम शिकागो विद्यापीठाच्या डॉ. आल्फ आल्व्हिंग यांच्या देखरेखीखाली होतं. पॅसिफिकमधल्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन फौजेला हिवतापाने जेरीला आणलं होतं, त्यामुळे औषधाची निकड खरीच होती. कैद्यांनी कागदावर संमती दिली होती, असं सांगितलं जाई. तुरुंगातली संमती ती किती खरी, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. विचारला तो न्युरेंबर्गच्या खटल्यात, आणि तोही नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी, आपल्या अशिलांचा बचाव करताना.

या वॉर्डात पुढे प्रायमाक्वीन हे औषध तपासलं गेलं. यकृतात दडून बसलेल्या जंतूंवर ते गुणकारी ठरलं आणि कोरियातून परतणाऱ्या सैनिकांना दिलं जाऊ लागलं. पण काही कैद्यांना, त्यातही कृष्णवर्णीय कैद्यांपैकी साधारण दहात एकाला, गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत लघवी काळपट होई, डोळे पिवळे पडत, रक्त झपाट्याने उतरे. तांबड्या पेशी फुटत होत्या. सगळ्याच नाही, फक्त म्हाताऱ्या झालेल्या. १९५६ साली पॉल कार्सन आणि सहकाऱ्यांनी कारण शोधलं: या माणसांच्या तांबड्या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम कमी पडत होतं. पुढच्या सगळ्या कथेत या लांबलचक नावाऐवजी जी६पीडी असंच म्हणावं लागेल, सगळं जग तसंच म्हणतं. पेशीला ऑक्सिडेशनचा मारा झेलायला जे रासायनिक बळ लागतं ते या एन्झाइमच्या कामातून मिळतं. इतर पेशींकडे दुसरेही मार्ग असतात. तांबड्या पेशीकडे केंद्रकही नसतं आणि दुसरा मार्गही नाही.

मला इथे सांगायची आहे ती जी६पीडीची गोष्ट नाही. त्याच्या शेजारी राहणाऱ्या एका लहानशा जनुकाची आहे. त्याला आज यूबीएल४ए म्हणतात, आणि ते सापडलं ते केवळ जी६पीडीचा शेजारी म्हणून. पण शेजाऱ्याची गोष्ट सांगायची तर आधी वस्तीची ओळख करून द्यावी लागते, आणि ही वस्ती मानवी आनुवंशिकीतली बहुधा सर्वांत जुनी वस्ती आहे.

ती आहे एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेचं अगदी टोक. नकाशात त्याला एक्सक्यू२८ म्हणतात. लाल-हिरव्याची रंगांधता, हिमोफिलिया, जी६पीडीची कमतरता या तिन्ही गोष्टींची जनुकं तिथेच जवळजवळ आहेत. १९३७ साली ज्युलिया बेल आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी रंगांधता आणि हिमोफिलिया कुटुंबात बरोबरीने चालतात हे दाखवलं. माणसातल्या दोन जनुकांचं शेजार सिद्ध करणारं ते पहिलं काम. हे तेच हाल्डेन, जे पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. जी६पीडीची कमतरताही एक्सवरून येते हे बाल्टिमोरच्या बार्टन चाइल्ड्स यांनी १९५८च्या सुमारास दाखवलं, आणि लवकरच ती रंगांधतेच्या शेजारची आहे हेही ठरलं.

मग जी६पीडीला जी मागणी आली ती फार थोड्या जनुकांच्या वाट्याला आली असेल. १९६१ साली इंग्लंडमध्ये मेरी लायन यांनी उंदरांच्या अंगावरचे चट्टे पाहून मांडलं, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स कायमचा मिटवला जातो, कोणता ते नशिबावर. माणसात हे पडताळायचं कसं? जिच्या एका एक्सवर एक जी६पीडी आणि दुसऱ्यावर वेगळं जी६पीडी आहे अशी स्त्री शोधायची आणि तिच्या एकेका पेशीत काय आहे ते पाहायचं. १९६२ आणि १९६३ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे करून दाखवलं. पेशी दोन जातींच्या निघाल्या, दोन्ही एन्झाइमं एकत्र बाळगणारी कुठलीच नाही. लायनबाई बरोबर होत्या.

आपल्याकडेही हा शोध लगेच पोचला. मुंबईत एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच पारशी समाजात जी६पीडीच्या कमतरतेचं प्रमाण मोजलं आणि ते चांगलंच जास्त निघालं. १९८४ साली एका कोळी कुटुंबात या एन्झाइमचा एक नवा प्रकार नोंदला गेला आणि त्याला नाव मिळालं ‘जी६पीडी कल्याण’. या प्रकारांना जिथे सापडले त्या गावांची नावं देण्याची पद्धतच होती, म्हणून जगभरच्या वैद्यकीय यादीत आपलं कल्याण स्टेशन आजही आहे. केरळात सापडलेला ‘जी६पीडी केरळ’ हा वेगळा प्रकार मानला जाई. १९९२ साली दोघांचं जनुक वाचलं तेव्हा कळलं की दोन्हींत बदल एकच: ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. त्या अभ्यासाच्या लेखकांत एक नाव होतं लुचो लुत्सात्तो. यूबीएल४ए सापडलं ते नेपल्सला, आणि ती गोष्ट त्यांच्यापासून सुरू होते.

लुत्सात्तो इटलीतले डॉक्टर. १९६०च्या दशकात ते नायजेरियातल्या इबादानला होते. १९६९ साली त्यांनी तिथे एक सुंदर निरीक्षण केलं: ज्या स्त्रियांच्या रक्तात दोन्ही जातींच्या तांबड्या पेशी असतात, त्यांना हिवताप झाला की जंतू चांगलं एन्झाइम असलेल्या पेशींत अधिक आढळतात, कमतरता असलेल्या पेशींत कमी. म्हणजे कमतरता हिवतापापासून काही अंशी वाचवते. म्हणूनच ती हिवतापाच्या मुलखांत टिकून राहिली. १९७४ साली ते नेपल्सला आले, इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जेनेटिक्स अँड बायोफिजिक्स या संस्थेत. ही संस्था १९६०च्या दशकात आद्रियानो बुत्साती-त्राव्हेर्सो यांनी उभी केलेली. पोटापुरता पैसा आणि भरपूर हौस असं तिथलं वातावरण होतं, असं त्या काळचे निबंध वाचताना माझं मत झालं आहे. लेखकांच्या यादीत तीच पाच-सहा नावं पुनःपुन्हा येतात: मारिया ग्रात्सिएला पेर्सिको, दानिएला टोनिओलो, मिकेले दुर्सो, मार्टिनी, बात्तिस्तुत्सी.

१९८१ साली या मंडळींनी जी६पीडीच्या आरएनए संदेशाचा एक तुकडा जिवाणूत उतरवून घेतला. ‘नेचर’मध्ये तो निबंध आला. तेव्हा माणसाचं एखादं जनुक हातात येणं ही मोठी गोष्ट होती आणि त्यातही हे ‘हाउसकीपिंग’ जातीचं. हीमोग्लोबिनचं जनुक एकाच प्रकारच्या पेशीत धो धो चालतं, त्यामुळे त्याचा संदेश गोळा करणं सोपं. जी६पीडी सगळ्याच पेशींत चालतं आणि सगळीकडे थोडंथोडंच. हा संदेश हाती लागणं म्हणजे कष्टाचं काम. आणि हातात आला तोही तुकडा. जनुकाचा शेवटाकडचा भाग आधी मिळाला, सुरुवात मिळायला आणखी पाच वर्षं लागली. ही बारीकशी अडचण लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं.

एक्स गुणसूत्र मिटतं म्हणजे नेमकं काय होतं, याचा शोध तेव्हा जोरात होता. डीएनएमध्ये सायटोसिन या अक्षरापाठोपाठ ग्वानिन आलं की त्या सायटोसिनला पेशी मिथाइलचा एक लहानसा गट चिकटवू शकते. जिथे असे गट चिकटतात तिथलं जनुक बहुधा गप्प असतं. काही कात्री-एन्झाइमं अशी आहेत की मिथाइल असेल तर कापत नाहीत, नसेल तर कापतात. म्हणजे तुकडे मोजून कुठे मिथाइल आहे ते ओळखता येतं. नेपल्सच्या मंडळींनी आपल्याकडच्या तुकड्यांवर हे केलं. बाल्टिमोरला बार्बरा मिजन यांच्याबरोबरही हेच काम झालं. १९८४ साली दोन्हीकडून एकच उत्तर आलं आणि ते विचित्र होतं: जी६पीडीच्या शेवटापलीकडे सायटोसिन-ग्वानिनच्या जोड्यांचे दाट पुंजके आहेत, चालू एक्सवर ते मिथाइलविरहित असतात, मिटलेल्या एक्सवर मिथाइलने भरलेले. मिजन यांच्या निबंधाच्या शीर्षकातच एन्झाइमचं काम आणि मिथाइलचा अभाव यांचा मेळ पूर्ण बसतो असं ठामपणे म्हटलेलं आहे. जनुक चालू असेल तर पुंजका स्वच्छ, बंद असेल तर माखलेला.

मेळ खराच होता. पण पुंजका शेवटाला का? जनुकाचं बटण सुरुवातीला असतं हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. शेवटापलीकडच्या डीएनएने सुरुवातीचं बटण कसं दाबावं? काहींनी लांबून नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेच्या कल्पना लढवल्या. १९८५ साली तर निरनिराळ्या ऊतींतलं जी६पीडीचं कमीजास्त प्रमाणही या शेवटाकडच्या खुणांशी जुळवून पाहण्यात आलं.

उलगडा एडिंबरोहून आला, तोही अप्रत्यक्षपणे. एड्रियन बर्ड यांनी १९८५-८६ साली दाखवलं की सस्तन प्राण्यांच्या डीएनएत या जोड्या एरवी फार विरळ आहेत, पण जागोजागी त्यांचे दाट पुंजके आहेत आणि ते मिथाइलविरहित असतात. त्यांना बेटं म्हणायची पद्धत पडली. आणि ही बेटं जनुकांच्या सुरुवातीशी असतात, हाउसकीपिंग जनुकांच्या तर हमखास. आता नेपल्सच्या पुंजक्याकडे पाहा. तो जी६पीडीच्या शेवटाशी आहे म्हणजे जी६पीडीचा नाहीच. वाड्यातल्या लांब ओसरीवर एकाच्या खोलीची भिंत संपते तिथे दुसऱ्याच्या दाराची पाटी लागलेली असावी, आणि वाचणाऱ्याने ती पहिल्याचीच समजावी, तसं झालं होतं. दोन वर्षं ज्या खुणा जी६पीडीच्या म्हणून निबंधांत छापल्या गेल्या, त्या पुढच्या बिऱ्हाडांच्या होत्या.

हे लक्षात आलं की काम सरळ होतं. त्या बेटांना खूण म्हणून वापरून टोनिओलो, पेर्सिको आणि तरुण सहकारी मिरियम अल्काले यांनी पेशींच्या आरएनएत शोध घेतला, आणि जी६पीडीपासून सुमारे ४० हजार अक्षरांच्या अंतरावर एक जनुक सापडलं. लहान, साधारण साडेतीन हजार अक्षरांत आटपणारं. सगळ्या ऊतींत चालणारं. उत्क्रांतीत जपलेलं. १९८८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं, जीडीएक्स या नावाने. त्याच वर्षी अल्काले आणि टोनिओलो यांनी आणखी एक निबंध लिहिला: एक्सवरची ही बेटं जनुकांना जोडलेलीच असतात. त्यात जीडीएक्सला लागूनच असलेलं आणखी एक जनुक, पी३, होतं. आपल्याच आधीच्या निष्कर्षाचा अर्थ बदलणारा निबंध लिहिताना त्यांनी कुठे सारवासारव केलेली नाही. मला त्यांचं हे काम मूळ जी६पीडीच्या शोधापेक्षा काकणभर सरस वाटतं.

जीडीएक्सचा मजकूर वाचला तेव्हा त्यातून १५७ अमिनो आम्लांचं प्रथिन तयार होतं हे कळलं. त्याचा सुरुवातीचा अर्धा भाग युबिक्विटिनसारखा होता.

१९८८ साली हे वाचणाऱ्याच्या भुवया उंचावल्या असणार. युबिक्विटिन तेव्हा नुकतंच नावारूपाला आलं होतं. ते १९७५ साली न्यूयॉर्कच्या गिडियन गोल्डस्टाइन यांना वासराच्या थायमस ग्रंथीत मिळालं होतं. त्यांना वाटलं, प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारं काही हाती लागलंय. तो गुण पुढे टिकला नाही, पण हे प्रथिन जिथे पाहावं तिथे मिळत होतं, वनस्पतींपासून यीस्टपर्यंत. म्हणून नावातच सर्वव्यापी असा अर्थ आला. काम काय, ते कुणाला ठाऊक नव्हतं. ते कळलं हैफाच्या टेक्निऑनमध्ये अव्राम हर्शको आणि त्यांचे विद्यार्थी आरोन सिकानोव्हर यांच्याकडून आणि फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस केंद्रात अर्विन रोझ यांच्याकडून. सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींचा रस काढून त्यात प्रथिनं कशी नष्ट होतात हे ते पाहत होते. तिथे एक लहान, उष्णतेला दाद न देणारं प्रथिन लागत होतं. १९८० साली त्यांनी दाखवलं की ते नष्ट व्हायच्या प्रथिनांना घट्ट चिकटतं, एकामागून एक. आणि त्याच वर्षी विल्किन्सन, अर्बन आणि हास यांनी ओळखलं की हे तर युबिक्विटिन. ७६ अमिनो आम्लांची ही खूण ज्या प्रथिनावर लागली त्याची रवानगी नाशाकडे. २००४ साली हर्शको, सिकानोव्हर आणि रोझ या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

चिकटायला युबिक्विटिनच्या शेपटाशी दोन ग्लायसिन लागतात. जीडीएक्समध्ये युबिक्विटिनसारखा भाग सुरुवातीला आहे आणि पुढे प्रथिन तसंच चालू राहतं. कापून सुटं व्हायची सोय नाही, दुसऱ्याला चिकटायची सोय नाही. मग हा चेहरा कशाला? १९८८ साली युबिक्विटिनसारखी प्रथिनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माहीत होती. आदल्याच वर्षी इंटरफेरॉनमुळे तयार होणारं एक प्रथिन दोन युबिक्विटिन जोडल्यासारखं निघालं होतं. बाकीची कुळी, सुमो, नेड८ वगैरे, १९९०च्या दशकात ओळखीची झाली, आणि पार्किन्सन्सशी जोडलेल्या पार्किनच्या डोक्यावरही असाच भाग आहे हे १९९८ साली कळलं. जीडीएक्स या मंडळींच्या फार आधी आलं, म्हणून त्याला नातेवाईक मिळाले नाहीत. निबंधात अंदाज होते, पुरावा नव्हता.

नंतरची वीस वर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही म्हटलं तर फारसं चुकणार नाही. एक्सक्यू२८ मात्र गजबजलं होतं. १९८४ साली हिमोफिलियाचं जनुक आलं, १९८६ साली जेरेमी नेथन्स यांच्याकडून रंगदृष्टीची जनुकं. पव्हियाला गेलेल्या टोनिओलो यांनी तर हा परिसर घरासारखा ओळखून घेतला. १९९३ साली त्यांच्या गटाने ४५० हजार अक्षरांच्या पट्ट्यातल्या जनुकांची यादी केली, १९९४ साली एमरी-ड्रायफस स्नायुविकाराचं जनुक शोधून त्याच्या प्रथिनाला एमरिन हे नाव दिलं, आणि १९९६ साली बार्थ सिंड्रोमचंही. १९९६ सालीच रंगदृष्टीच्या जनुकांपासून जी६पीडीपर्यंतचा २१९ हजार अक्षरांचा सलग पट्टा वाचून झाला; त्यात १९ जनुकं दाटीवाटीने बसलेली होती, तेरा माहितीतली आणि सहा नवी असावीत अशी. या भागात कोणताही अज्ञात विकार येऊन थांबला की सगळ्या शेजाऱ्यांची झडती व्हायची. प्रत्येक झडतीत कुणी ना कुणी सापडे. जीडीएक्सच्या नावावर एकही आजार लागला नाही, आणि मानवी आनुवंशिकीत आजार नसलेल्या जनुकाला अनुदान मिळत नाही.

मधल्या काळात त्याचं सरकारी नाव बदलून यूबीएल४ए झालं. ‘ए’ लावावं लागलं कारण ‘बी’ही सापडलं होतं, पण त्याची हकिकत जरा थांबून.

तोड शेवटी निघाली ती माणसाच्या आनुवंशिकीतून नाही, पावाच्या यीस्टमधून आणि पुन्हा एकदा सशाच्या तांबड्या पेशींतून.

पेशीतली जी प्रथिनं पटलात रोवायची असतात त्यांपैकी बहुतेकांची सोय आधीपासून माहीत होती. रायबोसोम या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातून प्रथिनाचं टोक बाहेर पडतं, त्यावर पत्ता असतो, तो पकडणारा कण रायबोसोमला काम चालू असतानाच पटलाशी नेतो. पण काहीशे प्रथिनं अशी आहेत की त्यांचा पटलात रुतणारा भाग अगदी शेपटाला असतो. शेपूट बाहेर येतं तेव्हा प्रथिन पूर्ण होऊन सुटलेलं असतं. आधीच्या कणाला पकडायला काही मिळतच नाही. चेतापेशींतल्या संदेशवहनाच्या पुड्या पटलाला भिडवणारी प्रथिनं, पेशीचं मरण लांबवणारं बीसीएल-२, ही सगळी या जातीची. रुतणारा भाग तेलकट असतो, पाण्यात मोकळा सोडला तर ही प्रथिनं एकमेकांत गुंतून गुठळ्या करतात. त्यांना पटलापर्यंत कोण नेतं?

२००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रामानुजन हेगडे आणि एस. स्टेफानोविच यांनी सशाच्या तांबड्या पेशींच्या रसातून तो वाहक शोधला आणि टीआरसी४० असं नाव दिलं. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतल्या जोनाथन वाइसमन यांच्या गटाच्या माया शुल्डिनर यांनी यीस्टमधली तीच वाट दाखवली. तिथे त्या जनुकांना गेट म्हणत. हे नाव आधी वेगळ्याच अर्थाने ठेवलं होतं, मग आद्याक्षरं तीच ठेवून अर्थ बदलून घेतला. २००९ साली याच वाटेवर गेट४ आणि गेट५ ही दोन नवी नावं जोडली गेली. गेट५च्या मध्यभागी युबिक्विटिनसारखा भाग होता. यीस्टच्या अभ्यासकांना ते आधीच दुसऱ्या नावाने माहीत होतं, कारण ते नसलं की यीस्टच्या दोन विरुद्ध प्रकारच्या पेशींचं मीलन बिघडतं. त्याचा माणसातला जोडीदार शोधला तर समोर आलं ते जीडीएक्स.

२०१० साली हेगडे यांच्या गटाने, मलैयालम मरिअप्पन हे पहिले लेखक, ‘नेचर’मध्ये चित्र पूर्ण केलं. टीआरसी४० एकटं काम करत नाही. रायबोसोमजवळ तीन प्रथिनांचा एक संच बसलेला असतो, नव्या प्रथिनाची तेलकट शेपटी तो झेलतो आणि टीआरसी४०कडे सोपवतो. त्या संचातलं एक होतं यूबीएल४ए. दुसरं बॅट३, म्हणजे आजचं बॅग६. तिसऱ्याला तोवर धड नावही नव्हतं, सातव्या गुणसूत्रावरच्या अनोळखी जनुकांच्या यादीतला विसावा क्रमांक हीच त्याची ओळख होती. बॅट३चा इतिहास तर जीडीएक्सचीच दुसरी प्रत वाटावी. १९९० साली हार्वर्डमध्ये टोमास श्पीस आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांच्या गटाने ते सहाव्या गुणसूत्रावर एचएलए-बी या प्रसिद्ध जनुकाचे शेजारी टिपताना शोधलं. नावही एचएलए-बीच्या शेजारचा तिसरा संदेश असंच. त्याच्याही डोक्यावर युबिक्विटिनसारखा भाग होता. दोन नामवंतांचे दोन शेजारी, वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, वेगवेगळ्या शहरांत, दोन वर्षांच्या अंतराने छापून आले आणि पेशीत मात्र कायम एकमेकांना धरून बसलेले होते.

मग कामाला वेग आला. २०११ साली दिसलं की हाच संच चुकून भलतीकडे राहिलेली प्रथिनं नाशाकडेही पाठवतो. त्यासाठी बॅग६ आरएनएफ१२६ या युबिक्विटिन लावणाऱ्या एन्झाइमला बोलावतं, हे तीन वर्षांनी कळलं. पटलाकडे न्यायचं की नाश करायचा, हा निर्णय एकाच टेबलावर होतो. यूबीएल४एच्या त्या युबिक्विटिनसारख्या चेहऱ्याचा अर्थही उघडला. तो चिकटण्यासाठी नव्हताच. एसजीटीए नावाचं एक प्रथिन तेलकट शेपटी आधी पकडतं, आणि ते यूबीएल४एच्या या चेहऱ्यालाच येऊन भिडतं. २०१७ साली केंब्रिजमध्ये हेगडे यांच्या गटाने शुद्ध प्रथिनं एकत्र आणून हा सगळा व्यवहार घड्याळ लावून मोजला. एसजीटीएकडून टीआरसी४०कडे हस्तांतरण झटकन होतं. ते झालं तर प्रथिन पटलाकडे जातं. न जमलं आणि शेपटी सुटली, तर बॅग६ ती धरतं आणि प्रथिनावर युबिक्विटिन लागतं. यूबीएल४ए या दोन्हींच्या मधोमध, बॅग६च्या एका टोकाला घट्ट बसलेलं.

या काळात त्याच्याबद्दल आणखीही काही छापून आलं. २०१४ साली स्टॅट३ या संदेशवाहक प्रथिनाला शांत करण्यात त्याचा हात असल्याचं, २०१५ साली ते नसलेल्या उंदरांत इन्सुलिनचा संदेश नीट पोचत नाही असं. हे सगळं एका सूत्रात बसतं का, याबद्दल मला शंका आहे. एकदा एखादं प्रथिन चर्चेत आलं की त्याच्यावर कामांचा पाऊस पडतो.

राहिली ‘बी’ची हकिकत. शुक्रपेशी घडताना पुरुषाचा एकुलता एक्स काही काळ बंद केला जातो. त्यावरची सगळी हाउसकीपिंग जनुकं त्या काळात गप्प. ज्या कामांशिवाय पेशीचं चालत नाही त्यांचं काय करायचं? सस्तन प्राण्यांच्या उत्क्रांतीत यावर एक सोय पुनःपुन्हा झालेली दिसते: एक्सवरच्या जनुकाच्या आरएनए संदेशाची डीएनए प्रत बनून दुसऱ्याच एखाद्या गुणसूत्रात घुसते आणि तिथे राहून वृषणापुरतं काम करते. २००७ साली जेरेमी वाँग यांच्या गटाने दाखवलं की यूबीएल४एची अशीच एक प्रत आहे. माणसात ती पहिल्या गुणसूत्रावर बसलेली आहे, आणि चालते फक्त शुक्रपेशी तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यात. संदेशाची प्रत असल्यामुळे तिच्या मजकुरात मधले तुकडे नाहीत आणि मूळ जनुकाचं ते बेटही बरोबर आलेलं नाही.